कॅलिफोर्निया : आधी असेंब्ली की थेट सेनेट?

सॅक्रामेंटोला, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात जायचं ठरलंय, पण असेंब्ली (कनिष्ठ) की सेनेट (वरिष्ठ), कुठल्या सभागृहासाठी उभं राहायचं यावर अडलंय? पगारावरून ठरवू नका. तो दोन्हीकडे सारखाच आहे, 2024 मध्ये वर्षाला सुमारे 1 लाख 28 हजार डॉलर. 1990 नंतर निवडून आलेल्यांना आमदारकीचं पेन्शनही नाही. आपल्याकडच्या आमदारांशी तुलना करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

फरक मतदारसंघात आहे. असेंब्लीच्या 80 जागा, प्रत्येकी सुमारे 5 लाख लोक. सेनेटच्या 40, प्रत्येकी जवळपास 10 लाख, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या (देशाच्या संसदेच्या) मतदारसंघाहूनही मोठा. प्रचाराचा खर्च त्याच मापाने वाढतो. 5 लाखांत दारोदार फिरण्याचा उपयोग होतो. 10 लाखांत टपाल आणि जाहिरातींवरच भिस्त.

असेंब्लीची मुदत 2 वर्षं, त्यामुळे निधी गोळा करणं थांबतच नाही. सेनेटची 4. शिवाय सेनेट सदस्य आपल्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकीत आपली जागा न सोडता अमेरिकी काँग्रेससाठी लढू शकतो. असेंब्ली सदस्याला ही सोय नाही.

खरी चूक होते ती हिशेबात. 2012 च्या नियमाने दोन्ही सभागृहं मिळून आयुष्यात 12 वर्षंच. असेंब्लीत 10 काढली, तर सेनेटची पूर्ण मुदत बसत नाही, दार बंद. 8 व्या वर्षापर्यंत उडी घ्यायलाच हवी.

स्थानिक ओळख पक्की पण पैसा कमी, तर असेंब्ली. शहर किंवा काउंटी (जिल्हा) पातळीवर आधीच निवडून आला असाल आणि देणगीदार हाताशी असतील, तर सेनेट.