चिनी सुलेखनाचा नवशिक्यांचा संच: कोणता कित्ता गिरवावा?

ऑनलाइन मिळणाऱ्या संचात बहुधा मिश्र केसांचा ब्रश, बाटलीतली शाई, पाण्याने लिहायचं कापड आणि चीनच्या थांग राजवटीतल्या तीन सुलेखनकारांच्या शिलालेखांचे कित्ते येतात. तिन्ही कित्ते ‘खाय’ म्हणजे सुट्या, ठाशीव वळणाचे.

ओउयांग श्युनचा ६३२ मधला लेख सर्वांत देखणा, पण त्यात रेघांमधली जागा तसूभर चुकली तरी अक्षर कलतं. ल्यू कुंगछ्वानच्या ८४१ च्या लेखात रेघांचे सांधे इतके कोरीव, की नवख्याचा हात आखडतो. सुरुवातीला यान चेनछिंगचा ७५२ चा लेख घ्या. आडवी रेघ बारीक, उभी जाड. ब्रश कधी दाबायचा, कधी उचलायचा ते त्यातच कळतं. नवख्याचे सांधे गाठाळ होतात, कारण वळणावर टोक थोडं उचलायचं सोडून नुसतं दाबलं जातं. बोरूची सवय असलेल्यांनी कोन विसरावा. इथे ब्रश जवळपास उभा धरायचा.

‘खाय’हून जुनं ‘ली’ वळण नंतर. त्यात लाटेसारखी शेपटी एका अक्षरात एकदाच. घसरतं ‘त्साओ’ इतक्यात नकोच.

ब्रश ठीक आहे. नव्या ब्रशच्या केसांना लावलेली खळ कोमट पाण्यात सोडवा; कढत पाण्याने मुळाचा डिंक सुटून केस गळतात. कापड नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये भराभर वाळतं, शिवाय शाईचा अंदाज देत नाही. पावसाळ्यात दमट कागदावर शाई फुटते, तेव्हा ब्रश दगडीच्या (शाईच्या दगडी पात्राच्या) काठावर निथळून घ्या.