पशुवैद्यकीय प्रवेश : बारावीनंतर थेट, की आधी पदवी?

पशुवैद्यकाची पदवी मिळवण्याचे जगात ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात बारावी किंवा तिच्या तोडीचे शालेय शिक्षण संपताच विद्यार्थी थेट पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतो आणि पाच ते सहा वर्षांत पशुवैद्य होऊन बाहेर पडतो. भारत, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि जपान येथे मुख्यतः हीच रीत आहे. दुसऱ्या मार्गात आधी विद्यापीठात काही वर्षे विज्ञान शिकायचे, मग पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करायचा आणि पुढची चार वर्षे तिथे काढायची. अमेरिकेत ही रीत रूढ आहे. ऑस्ट्रेलियात दोन्ही दारे उघडी आहेत. ज्याला देशाबाहेर शिकणे शक्य आहे, किंवा ज्याच्या देशातच दोन्ही पर्याय आहेत, त्याला यांतून निवड करावी लागते आणि ती बहुतेक वेळा वर्षांची बेरीज करून केली जाते. ही बेरीज महत्त्वाची आहेच, परंतु माझ्या मते त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : प्राण्यांविषयीची ओढ बाजूला ठेवून, प्राण्यांबरोबरचे रोजचे काम आपण किती जवळून पाहिले आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर दोन मार्गांपैकी आपला कोणता हे बऱ्याच अंशी ठरते.

वर्षांचा हिशेब आधी उरकून घेऊ. भारतात साडेचार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक विद्यापीठांत पाच वर्षे लागतात, केंब्रिजमध्ये सहा. जर्मनीत साडेपाच, नेदरलँड्समधील उट्रेख्तला आणि जपानमध्ये सहा. अमेरिकेत पदवीची चार आणि पशुवैद्यकाची चार मिळून साधारण आठ वर्षे होतात. काही अमेरिकी महाविद्यालये आवश्यक विषय पूर्ण झाले असतील, तर पदवी हातात पडण्यापूर्वीही प्रवेश देतात. त्यामुळे एखादे वर्ष वाचू शकते, पण बहुतेक विद्यार्थी पदवी पूर्ण करूनच येतात. म्हणजे फरक दोन ते तीन वर्षांचा आहे. तो केवळ वयाचा नाही, तर तेवढ्या वर्षांच्या शुल्काचा आणि न मिळालेल्या वेतनाचाही आहे. ज्याला शिक्षणासाठी कर्ज काढावे लागणार आहे, त्याने हा मुद्दा मनातल्या मनात न ठेवता कागदावर मांडावा, कारण पशुवैद्यकाचे सुरुवातीचे उत्पन्न मानवी वैद्यकाच्या तुलनेत बऱ्याच देशांत कमी असते, आणि अमेरिकेत तर नव्या पशुवैद्यांच्या डोक्यावरील कर्ज हा त्या व्यवसायातील उघड चिंतेचा विषय आहे.

आता निवड कशी होते ते पाहू, कारण दोन मार्गांतील खरा फरक तिथे आहे.

थेट प्रवेशाच्या मार्गातही दोन तऱ्हा दिसतात. भारतासारख्या देशात प्रवेश मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर होतो. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा नीटच्या गुणांवर भरल्या जातात आणि उरलेल्या जागा राज्ये आपापल्या नियमांनुसार भरतात. उमेदवाराने कधी गोठ्यात पाऊल टाकले आहे का, हे या पद्धतीत कोणी विचारत नाही. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिचा नि:पक्षपातीपणा : ओळखीपाळखी नसलेल्या, दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या मुलालाही केवळ अभ्यासाच्या बळावर जागा मिळते. दोष असा की मानवी वैद्यकाची जागा थोडक्यात हुकलेले अनेक जण गुणांच्या उतरंडीवरून इथे येऊन पोहोचतात आणि आपण कोणत्या कामासाठी आलो आहोत हे त्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षात कळते. त्यांतले कितीतरी पुढे उत्तम पशुवैद्य होतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून या पद्धतीने अर्ज करणाऱ्याने जी चाचणी यंत्रणा घेत नाही, ती स्वतःच स्वतःची घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्रिटनमध्ये मात्र शाळेतूनच अर्ज करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडूनही गुणांबरोबर प्रत्यक्ष अनुभवाची अपेक्षा असते. यूकॅस या सामायिक प्रवेश यंत्रणेत एका उमेदवाराला पशुवैद्यकासाठी जास्तीत जास्त चार पर्याय भरता येतात. पाचवा पर्याय जीवशास्त्रासारख्या दुसऱ्या विषयासाठी वापरता येतो आणि तो रिकामा न सोडणेच शहाणपणाचे. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला, म्हणजे बहुतेक अन्य विषयांच्या कितीतरी आधी संपते. २०२६ च्या प्रवेशापासून जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी मुलाखत होते, आणि ती अनेकदा छोट्या छोट्या टप्प्यांची असते : एका मेजावर नैतिक पेच, दुसऱ्यावर आकडेमोड, तिसऱ्यावर संवादकौशल्य.

पदवीनंतरच्या मार्गात ही अपेक्षा आणखी वाढते. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांसाठी व्हीएमकॅस नावाचा एकच सामायिक अर्ज भरावा लागतो, त्याची मुदत साधारणतः सप्टेंबरच्या मध्यास संपते आणि शिक्षण सुरू होते ते पुढच्या वर्षी. या अर्जात अनुभवाचे तास प्रकारानुसार नोंदवायचे असतात. पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेले काम वेगळे, पशुवैद्य हजर नसताना केलेली प्राण्यांची निगा वेगळी, संशोधन वेगळे. जोडीला सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय ठरावीक प्रमाणात पूर्ण झालेले असावे लागतात, आणि कोणत्या महाविद्यालयाला नेमके काय हवे, याची यादी प्रत्येकाची निराळी असते. शिवाय सरकारी महाविद्यालये आपल्या राज्यातील रहिवाशांसाठी बऱ्याच जागा राखतात. बाहेरच्या उमेदवाराने हे आधी पाहिले नाही, तर अर्जाचे शुल्क वाया जाते.

तासांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. आकडा जितका मोठा तितका अर्ज बळकट, असे उमेदवारांना वाटते आणि ते दवाखान्याच्या कोपऱ्यात उभे राहून तास भरत राहतात. निवड करणारे मात्र त्या तासांत उमेदवाराने काय पाहिले आणि त्याला काय समजले, हे शोधत असतात. उदाहरणादाखल, मागचा पाय झटकत चालणारी गाय पशुवैद्यासमोर आली आहे. वहीत ‘लंगडणाऱ्या गाईवर उपचार पाहिले’ एवढेच लिहिले, तर ते वाचून काही हाती लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : पाय दोरीने वर बांधून घेतला, खूर धुतले, बाहेरच्या नखीच्या, म्हणजे खुराच्या दोन भागांपैकी बाहेरच्या भागाच्या, तळव्याला व्रण होता, खुराचे सैल झालेले कठीण आवरण सुरीने तासून काढले, आणि मग ठोकळा चिकटवला तो आतल्या, निरोगी नखीला. ठोकळा दुखऱ्या नखीला का नाही, असे विचारल्यावर कळले की निरोगी नखी उंच झाली की शरीराचा भार तिच्यावर जातो आणि व्रणाची नखी जमिनीपासून सुटी राहून भरून येते. या नोंदीत निरीक्षण आहे, प्रश्न आहे आणि कारण आहे. अशा वीस नोंदी ज्याच्याजवळ आहेत, त्याला मुलाखतीत काही पाठ करून जावे लागत नाही.

अनुभवाची विविधताही यात मोजली जाते. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम मिळणे तुलनेने सोपे असते, म्हणून बहुतेक अर्ज त्याच अनुभवाने भरलेले असतात. दुभत्या जनावरांचा गोठा, मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम, कुक्कुटपालन, घोड्यांचा तबेला, कत्तलखान्यातील मांसतपासणी यांपैकी निदान दोन-तीन गोष्टी पाहिल्याशिवाय हा व्यवसाय केवढा पसरलेला आहे याची कल्पना येत नाही. हे शिक्षणच मुळात गुरांसाठी सुरू झाले. क्लोद बुर्जेला यांनी १७६२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे पहिली पशुवैद्यकीय शाळा उघडली, त्या काळी बुळकांडी रोग युरोपातील गुरे कळपाकळपाने मारत होता. त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडले. माणसाच्या अन्नाशी आणि आरोग्याशी असलेले हे नाते ज्याला नकोसे वाटते, ज्याला केवळ घरातले प्राणी हवे आहेत, त्यालाही पदवीपर्यंत गाय, घोडा, डुक्कर आणि कोंबडी यांचा अभ्यास करावाच लागतो, मग मार्ग कोणताही असो.

तासांची ही पद्धत सर्वांना सारखी न्याय्य नाही, हेही मान्य करायला हवे. विनावेतन काम करण्यासाठी फावला वेळ, घरचा आधार आणि एखाद्या पशुवैद्याची ओळख लागते. ज्याला शिकता शिकता कमवावे लागते, त्याची यात ओढाताण होते. त्याच्यासाठी एक उपाय मात्र आहे : गोठ्यातले, श्वानगृहातले किंवा दवाखान्यातले पगारी काम हेही अनुभव म्हणून नोंदवता येते, आणि ते सातत्याने केलेले असेल तर त्याचे वजन चांगलेच पडते.

अर्ज नाकारला गेला तर काय, याचा विचार दोन्ही मार्गांत करून ठेवणे भाग आहे, कारण जागा सगळीकडेच थोड्या असतात. पदवीनंतरच्या मार्गाचा इथे ठळक फायदा आहे. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र यांची पदवी हातात असल्याने नकारानंतरही संशोधन, औषधनिर्माण, अध्यापन अशा वाटा खुल्या राहतात आणि अर्ज सुधारून पुन्हा करता येतो. दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळणे तिथे मुळीच नवलाचे नाही. थेट मार्गात केवळ परीक्षेसाठी वर्ष मोकळे ठेवून पुन्हा बसणाऱ्याच्या पदरी, पुन्हा गुण कमी पडले तर, काहीच राहत नाही. पुन्हा बसायचेच असेल तर त्या वर्षात आठवड्यातून एक-दोन दिवस गोठ्यात किंवा दवाखान्यात घालवावेत. अभ्यासाला त्याने बाधा येत नाही, आणि जो निर्णय आपण पुन्हा घेत आहोत तो बरोबर आहे का, हे त्यातून कळते.

याच्या उलट, ज्याने शाळेत असतानाच जनावरांचे काम केले आहे, पहाटेचे दूध काढणे, अडलेल्या वेताला मदत, उपचार न होऊ शकणाऱ्या प्राण्याचा शांतपणे केलेला शेवट हे सारे पाहूनही ज्याचे मन डळमळले नाही, त्याने आधी पदवी घेण्यात दोन-तीन वर्षे का घालवावीत, याचे सबळ कारण मला दिसत नाही. अशा विद्यार्थ्याने थेट मार्गच धरावा. ज्याची ओढ अजून धूसर आहे, किंवा ज्याला वन्यजीव, साथरोगशास्त्र, प्रयोगशाळेतील संशोधन अशा क्षेत्रांत जायचे आहे, त्याला आधीची विज्ञानाची पदवी खरोखर उपयोगी पडते. पहिली पदवी झाल्यावर मन पालटलेल्यांसाठी मधला पर्यायही आहे : लंडनचे रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि एडिंबरा विद्यापीठ पदवीधरांना चार वर्षांचा अभ्यासक्रम देतात. म्हणजे आज थेट मार्ग हुकला, तरी ब्रिटन कायमचे हुकले असे होत नाही.

ज्या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तो पदवीच्या मान्यतेचा. पदवी कुठे घेतली यावर व्यवसाय कुठे करता येईल हे अवलंबून असते. अमेरिकेची पशुवैद्यक संघटना देशाबाहेरील काही महाविद्यालयांनाही अधिस्वीकृती देते. त्यांत एडिंबरा, ग्लासगो, लंडन, डब्लिन, उट्रेख्त, मेलबर्न आणि सिडनी येथील संस्था आहेत. त्यामुळे एडिंबरात बारावीनंतर पाच वर्षे शिकलेला विद्यार्थी आणि अमेरिकेत आठ वर्षे शिकलेला विद्यार्थी हे दोघेही अमेरिकेतील परवान्यासाठी नावली (NAVLE) नावाच्या एकाच परीक्षेला बसतात. दोन मार्गांची तुलना करताना हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. उलट, अधिस्वीकृती नसलेल्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्याला अमेरिकेत आधी समकक्षतेच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यांत शस्त्रक्रिया, भूल, घोडे, दुभती जनावरे अशा विभागांत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. ब्रिटनमध्येही मान्य नसलेल्या पदवीसाठी स्वतंत्र परीक्षा आहे. भारतात परतून व्यवसाय करणाऱ्याने आपली परदेशी पदवी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या अनुसूचीत आहे की नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच पाहावे. अधिस्वीकृती काळानुसार दिली आणि काढलीही जाते, म्हणून जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची अधिकृत यादीच पाहावी.

शिफारसपत्रांची तयारी दोन्हीकडे लवकर सुरू करावी लागते, पण पदवीनंतरच्या मार्गात ती जास्त जोखमीची आहे, कारण तिथे किमान तीन पत्रे लागतात आणि त्यांतले निदान एक पशुवैद्याचे असावे अशी बहुतेक महाविद्यालयांची अपेक्षा असते. ज्या पशुवैद्याने तुम्हाला चार वेळा दुरून पाहिले, त्याचे पत्र गुळमुळीतच होणार. म्हणून मुदतीच्या निदान वर्षभर आधी एकाच ठिकाणी नियमित जायला लागावे, आपली वही त्यांना अधूनमधून दाखवावी आणि पत्र मागताना ती सोबत न्यावी, म्हणजे पत्रात तुमच्या कामातल्या खऱ्या गोष्टी उतरतील. मुदत संपायला आठवडा उरला असताना पत्र मागू नये.