सहावे ताट: पाच मित्रांच्या हॅलोविनपटाचे परीक्षण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका वाड्यावरच्या (गावातल्या वस्तीवरच्या) पाच मुलांनी तयार केलेला सतरा मिनिटांचा भयपट मी गेल्या आठवड्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा शेजारच्या अंगणात, पांढऱ्या चादरीवर, वाड्यावरच्या सगळ्या मंडळींसोबत. आणि दुसऱ्यांदा रात्री एकट्याने, कानांना हेडफोन लावून. मुले चौदा ते सोळा वर्षांची आहेत, चित्रण एकाच मोबाइलवर झालेले आहे आणि लघुपटाचे नावही अजून ठरलेले नाही. त्यात काही प्रसंग कच्चे आहेत, त्यांविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु त्यातील एक प्रसंग असा जमून आला आहे की तो पाहिल्यानंतर त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवायला मला जड गेले.

२०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. ज्या पहाटे गोव्यात गावोगावी नरकासुराच्या प्रतिमा जाळल्या गेल्या, त्याच दिवशी संध्याकाळी हॅलोविन, म्हणजे भुताखेतांचे मुखवटे घालून आणि भोपळे कोरून केलेले दिवे लावून साजरा होणारा पाश्चात्त्य सण होता. मुलांनी आपली कथा या योगावर उभी केली आहे. पहाटे नरकासुर जाळून घरी परतलेले पाच मित्र रात्री एकाच्या जुन्या चिरेबंदी घरात मुखवटे घालून जमतात, वीज जाते, आणि ती परत येते तेव्हा पडवीत मुखवटे सहा असतात. सहावा मुखवटा त्याच पहाटे त्यांच्या डोळ्यांदेखत राख झालेल्या नरकासुराचा असतो. आरंभीचे दहनाचे चित्रण खरे आहे. मुलांनी ते त्या पहाटे वाड्यावरच टिपले होते. पेंढा आणि कागद धडाडून पेटतात, बांबूचा सांगाडा उघडा पडतो, आणि चेहरा सर्वांत शेवटी खाली येतो. तो चेहरा पुन्हा दिसणार आहे हे प्रेक्षकाला त्या वेळी ठाऊक नसते, म्हणून पुढे तो दिसताच ओळख पटायला क्षणभर वेळ लागतो. भीती त्या क्षणातच शिरते.

आता त्या प्रसंगाविषयी. घरातील आजी (ती त्या मुलांपैकी एकाची खरीच आजी आहे) मुलांना जेवायला वाढते. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला आहे, आजीचे हात आणि ताटे एवढेच दिसते, आणि तब्बल पाऊण मिनिट तो जागचा हलत नाही. ती एकेक ताट मांडते, भात वाढते, वर आमटी घालते. पाच ताटे झाल्यावर ती सहावे ताट मांडते, तेही तितक्याच सावकाश, आणि मान वर न करता कोकणीत विचारते, “आनी तो खंय गेलो?” (आणि तो कुठे गेला?) कोणी उत्तर देत नाही. त्या ठिकाणी संगीत नाही, किंकाळी नाही, चेहऱ्यांचे जवळून घेतलेले चित्रही नाही. आजीला तो सहावा पूर्वीपासून परिचयाचा आहे, एवढेच तिच्या स्वरावरून कळते. अनुभवी दिग्दर्शकालाही इथे कॅमेरा वर नेऊन मुलांचे घाबरलेले चेहरे दाखवण्याचा मोह झाला असता. मुलांनी तो आवरला, याचे मला फार कौतुक वाटते.

ध्वनीचे काम पाहणाऱ्या मुलाने पार्श्वसंगीतासाठी घुमट हे गोव्यातले थापेचे वाद्य वापरले आहे. भजनात किंवा आरतीत ऐकू येणारा त्याचा ठेका इथे नाही. एक थाप, मग बराच वेळ शांतता, मग दुसरी थाप. मातीच्या घटातून येणारा तो खोल नाद अंधाऱ्या खोलीत शोभतो. मात्र शेवटच्या चार मिनिटांत हाच मुलगा घुमट बाजूला ठेवून ढगांचा गडगडाट आणि वाद्यवृंदाचा तयार तुकडा वापरतो, आणि मिळवलेले बरेचसे तिथे गमावतो.

सजावटीबद्दल मुलांशी माझा थोडा वाद झाला. तांबडा भोपळा कोरून दिवा करायला जमले नाही, म्हणून त्यांनी करवंट्यांना डोळे आणि तोंड कोरून आत पणत्या ठेवल्या, आणि ही उणीव आहे असे ते स्वतःच सांगत होते. मला ती मुळीच उणीव वाटत नाही. आयर्लंडमध्ये हे दिवे सलगमाचे करीत असत. तेथील लोक अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सहज मिळू लागला आणि कोरायलाही सोपा गेला, म्हणून तो रूढ झाला. जिथे जे हाताशी येते ते कोरावे, हीच या प्रथेची मूळ रीत असेल, तर कुळागराच्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेच्या गावात करवंटी असणे अगदी योग्य आहे. शिवाय तिच्या लहान भोकांतून भिंतीवर पडणारा उजेड पणतीसोबत हलतो, आणि मागच्या खोलीचा सगळा प्रसंग त्यावरच तोलला गेला आहे. फक्त कागदी मुखवट्यांच्या इतक्या जवळ खरी ज्योत ठेवताना पाण्याची बादली शेजारी असावी, एवढे मी त्यांना बजावले आहे.

आता दोषांकडे वळतो. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली घेतलेल्या दृश्यांत पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो, आणि शटरचा वेग मोबाइलवर सोडला की तो या लयीशी जुळत नाही. हाताने तो सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर बांधून ठेवला असता, तर पट्टे आले नसते. कुळागरातील पाठलाग दुपारी चित्रित करून नंतर निळा केला आहे. पोफळींच्या झावळ्यांमधून पांढरे आकाश डोकावते आणि जमिनीवर सावल्या ठळक पडतात, त्यामुळे ती रात्र वाटत नाही. आकाश चौकटीबाहेर ठेवून आणि सूर्य पाठीशी असलेल्या पात्रांना कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी करून टिपून हे पुष्कळसे साधले असते. रक्तासाठी कोकमाचे आगळ वापरले आहे. ते पातळ असल्यामुळे पांढऱ्या सदऱ्यावर पसरून फिकट होते. पाकात थोडी कोको पावडर मिसळली असती तर त्याला दाटपणा आला असता. परंतु माझे खरे म्हणणे असे की या कथेला रक्ताची गरजच नव्हती.

संवादांत असाच फरक जाणवतो. मुले आपसात कोकणीत बोलतात तेव्हा एकमेकांची वाक्ये तोडतात, अर्धवट सोडतात, आणि ते ऐकायला खरे वाटते. “इथून पळा” किंवा “आपण सगळे मरणार” अशी वाक्ये मात्र पाठ करून म्हटल्यासारखी येतात. पाठलागाची तीन मिनिटे निम्म्यावर आणून तेथील किंकाळ्या काढून टाकाव्यात, असे मी मुलांना सुचवले. त्यांच्यात त्यावर अजून एकमत झालेले नाही. शेवट मी सांगत नाही. तो मुखवटा कोण काढतो यापेक्षा कोण काढत नाही यावर बेतलेला आहे, आणि तो मला पटला.

मागेल त्याला मुले पेनड्राइव्हवर प्रत करून देतात. लहान मुलांना दाखवायचा असल्यास मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत बसावे. इतरांनी तो रात्री, दिवे मालवून आणि हेडफोन लावूनच पाहावा, कारण आजी तो प्रश्न फार हळू विचारते आणि अंगणात पाहताना रातकिड्यांच्या आवाजात माझ्याकडून तो निसटला होता.