मालडनच्या रणभूमीची पायी सफर : एक परीक्षण

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील मालडन येथे ऑगस्ट 991 मध्ये इंग्रज आणि व्हायकिंग सैन्यांची जिथे गाठ पडली असे बहुतेक अभ्यासक मानतात, तो खाडीकाठ पायी फिरवून दाखवणाऱ्या एका स्थानिक मार्गदर्शकाच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. इतिहासाची गोडी असलेल्यांनी ही सफर अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एका बाबतीत ती अपुरी वाटते.

सफरीची वेळ ओहोटीचा तक्ता पाहून ठरवली जाते, हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू. प्रॉमनेड पार्कच्या टोकाशी 2006 साली उभारलेल्या, इंग्रजांचा सेनापती बिर्टनोथ याच्या पुतळ्यापासून बांधावरून चालत गट नॉर्थी बेटासमोर पोहोचतो, तेव्हा बेटाकडे जाणारी चिंचोळी वाट ब्लॅकवॉटर खाडीच्या पाण्याखालीच असते. हळूहळू पाणी ओसरते, आधी वाटेच्या मधला उंचवटा, मग कडेचे शेवाळलेले दगड आणि दोन्ही अंगांना पाय रुतवणारा करडा चिखल उघडा पडतो. वुल्फस्टान, एल्फेरे आणि मॅकस या तीनच इंग्रज योद्ध्यांनी व्हायकिंगांना या वाटेवर कसे रोखून धरले असेल, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या काळी समुद्राची पातळी कमी असल्याने पात्र आजच्यापेक्षा अरुंद होते आणि म्हणूनच या काठावरून त्या काठावर ओरडून खंडणीची बोलणी करता आली, हा तपशीलही मार्गदर्शक आवर्जून सांगतात.

या लढाईवरील जुन्या इंग्रजी काव्याच्या 325 ओळी उरल्या आहेत. मूळ हस्तलिखित 1731 च्या आगीत जळाले. त्याआधी कोणीतरी नक्कल करून ठेवली होती, एवढ्यानेच त्या वाचल्या. सेनापती पडल्यावर त्याच्या सैन्यातला गॉड्रिक त्याच्याच घोड्यावर बसून पळतो आणि वृद्ध योद्धा बिर्टवोल्ड मात्र धन्याच्या शेजारी मरण्याचा निर्धार बोलून दाखवतो, तो भाग मार्गदर्शकांनी मूळ भाषेत म्हटला, आणि अर्थ कळण्यापूर्वीच त्या ओळींतले आघात मनाला भिडले.

उणीव आहे ती व्हायकिंगांना ही वाट ओलांडून या काठावर येऊ देण्याच्या बिर्टनोथच्या निर्णयाच्या मांडणीत. शत्रूला वाट मोकळी करून देणे हा निव्वळ अहंकार होता, असे सांगून विषय आटोपला जातो. वास्तविक 93 जहाजांचा हा ताफा फोकस्टोन, सँडविच आणि इप्सविचला उपद्रव देऊन इथे आला होता. इथे लढाई टाळली असती, तर तो दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन पुन्हा लुटालूट करणार हे उघड होते, आणि जहाजांचा पाठलाग जमिनीवरून करणे पायदळाला शक्य नव्हते. कवीने सेनापतीला दोष दिला आहे खरा, पण पराभव ठाऊक असताना. याच पराभवानंतर आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्याने 10,000 पौंडांची खंडणी दिली गेली आणि 994 मध्ये ती 16,000 पौंडांवर गेली. एवढ्या मोठ्या परिणामाला सफरीत एकच वाक्य मिळावे, हे मला खटकले.

नॉर्थी बेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात असून ही सफर प्रत्यक्ष बेटावर जात नाही. खाडीवरचा वारा बोचरा असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही जाकीट आणि चिखलात चालतील असे बूट हवेत. लढाईच्या हजाराव्या वर्षानिमित्त तयार केलेला 42 फुटी भरतकामाचा पट गावातील मालडून हेरिटेज सेंटरमध्ये आहे. सफरीत त्याचा समावेश नसल्याने त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.