एचओ की एन? आधी मळ कसा हवा ते ठरवा

"मॉडेल रेल्वे सुरू करायचीय. एचओ घेऊ की एन?" असं वर्षातून चार-पाच जण तरी मला विचारतात (ही मॉडेलची दोन मापं, एचओ मोठं आणि एन लहान), आणि प्रत्येकाला उत्तर एका शब्दात हवं असतं. मी उलट विचारतो: परभणीच्या फलाटावर मालगाडी थांबली की तुम्ही काय बघता? काही जण वाघिणी मोजत बसतात, थेट गार्डाच्या डब्यापर्यंत. काहींचं लक्ष समोरच्या एकाच वाघिणीच्या दाराखालून उतरलेल्या गंजाच्या ओघळावर खिळतं. मोजणाऱ्यांनी एन घ्यावा, ओघळ बघणाऱ्यांनी एचओ. जागा आणि पैसा यांचा हिशोब त्यानंतर.

मी ओघळवाला आहे, म्हणजे मॉडेल कोरं न ठेवता त्यावर गंज-धूळ रंगवून ते मळवणारा. पुढचं वाचताना तेवढा कल धरून चला.

आधी मापं. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्याचा ८७वा भाग), दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. आपली कोळशाची बॉक्सएन वाघीण प्रत्यक्षात १०.७ मीटर लांब. एचओत ती १२३ मिमी भरते, एनमध्ये ६७. वीस वाघिणींची गाडी लावली तर एचओत अडीच मीटर, म्हणजे मध्यम खोलीची एक भिंत तिथंच संपली. एनमध्ये तीच गाडी सव्वा मीटरच्या किंचित पुढं जाते. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा प्रवासी डबा एचओत साधारण २५६ मिमी होतो. खोक्यात मिळणारं एचओचं सर्वांत आवळ वळण साधारण ३६० मिमी त्रिज्येचं असतं. त्यावर एवढा लांब डबा पोट बाहेर काढून वळतो आणि जोडणीपाशी अडखळतो. बघवेल असं वळण हवं तर त्रिज्या ६०० तरी पाहिजे, आणि ती आठ बाय चार फुटांच्या प्लायवर बसत नाही. डबे काठावरून लोंबतात.

म्हणून लहान घरात एचओ घेणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: गोल फेरीचा नाद सोडा. भिंतीलगत फूटभर रुंद, आठ-दहा फूट लांब फळी टाका. तीन सांधे (गाडीला रूळ बदलून देणारे), एक मालधक्का, एक बंद टोकाची सायडिंग. गाडी फिरणार नाही, पुढं-मागं होऊन वाघिणी लावेल, काढेल. घरची पोरं दोन दिवसांत कंटाळतील. तुम्ही नाही कंटाळणार, कारण वाघिणी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर उभ्या असतील. धावती गाडीच हवी असेल, घाट-बोगदे-पूल असं सगळं हवं असेल, तर एनची फेरी एका दाराएवढ्या फळीवर आरामात बसते. या एका बाबतीत एचओवाल्यांनी हुज्जत घालू नये.

आता आपल्याकडची खास गोची. एचओचे १६.५ मिमीचे रूळ हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी रुंदीचं माप. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे एचओत १९.३ मिमी हवा. जवळपास तीन मिलिमीटर कमी पडतात, आणि इंजिन समोरून पाहिलं की ते पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. एनमध्ये हाच फरक दीड मिलिमीटरचा, नजरेआड होतो. मीटरगेजची आठवण जपायची असेल (मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हा सगळा निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज होता) तर एचओचे डबे १२ मिमी रुळांवर चालवतात. हे रूळ स्विस डोंगरी गाड्यांसाठी बनतात, मिळतात आणि महागही पडतात.

पण लातूरकरांनो, तुमच्यासाठी एक तिसरी वाट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत सुंदर. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरची ही लाइन १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. रुंदी ७६२ मिमी. याला ८७ ने भागा: ८.७६ मिमी. म्हणजे एनचे ९ मिमीचे रूळ त्यावर एचओची अंगं चढवली की जवळजवळ हुबेहूब बसतात! एनच्या इंजिनाचा चालता सांगाडा घ्यायचा आणि वर प्लास्टिकच्या पत्र्याचं एचओ मापाचं अंग स्वतः कापून बसवायचं. एनची आटोपशीर वळणं आणि एचओचा मोठा पृष्ठभाग, दोन्ही पदरात पडतं. फक्त बार्शीच्या गाड्या तयार सहसा मिळत नाहीत. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं यात पडू नये, दुसऱ्या वर्षी जरूर पडावं.

धूळ आणि ऊन हे दोन पाहुणे आपल्याकडं न बोलावता येतात. खिडकी बंद ठेवली तरी एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत रुळांवर पिठासारखा थर बसतो. एनचं इंजिन हलकं, चाकं बारीक; एवढ्या धुळीवरही ते विजेचा स्पर्श सोडतं आणि आचके देत थांबतं. एचओचं जड इंजिन बऱ्याचदा रेटून नेतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं रूळ पुसणं दोघांनाही चुकत नाही, पण एनवाल्याला ते रोजचं होतं. उन्हाचं म्हणाल तर माझी खोली गच्चीवरची, पत्र्याची. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तिथं ३० अंशांहून जास्त फरक पडतो. तीन मीटर रूळ तेवढ्यात जवळपास दीड मिलिमीटर वाढतो. मी पहिला लेआउट डिसेंबरात केला आणि रुळांचे जोड हौसेनं घट्ट डाखले. मेमध्ये रूळ धामणीसारखा वळवळून वर आला होता. थंडीत रूळ टाकत असाल तर दर मीटरला नखाच्या जाडीएवढी फट ठेवा.

आता मुद्द्याचं: मळवणं. वेदरिंग म्हणा. खोक्यातून काढलेली वाघीण खेळणं दिसते, मळवली की मालगाडीतली दिसते. वाटा तीन आहेत: कोरडी पावडर, पातळ रंगाचा वॉश आणि एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेनं रंग फवारणारं पेन. कुठली वाट घ्यायची हे बरंचसं तुमच्या मापावर ठरतं, आणि माप निवडताना नेमकं हेच कुणी सांगत नाही. पावडरचा एक कण ०.०५ मिमीचा धरा. एचओत तो खऱ्या जगातला चार मिलिमीटरचा खडा होतो, एनमध्ये आठ मिलिमीटरचा. एचओत धूळ वाटणारी गोष्ट एनमध्ये खडी वाटते. म्हणून पावडर ही एचओची, आणि एअरब्रशचा झिरझिरीत थर एनचा. जागा वाचते म्हणून एनकडं जाणारा पुढं कॉम्प्रेसरच्या खर्चात येतो, तो असा.

पावडरीला आपल्याकडं पैसे लागत नाहीत, हे तिचं मोठं सुख. बाहेरच्या व्हिडिओंत गंजाच्या रंगाच्या इवल्या डब्या दाखवतात. आपल्या किराणा दुकानातला गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइडच. गंज आणखी काय असतो? गेरू, दिव्याची काजळी आणि शेतातली वाळलेली काळी माती, ओली असताना काळी पण वाळून राखाडी झालेली. तिन्ही वस्त्रगाळ करा. काळ्या मातीवरून (आणि रुळांखाली गोदावरीची वाळू टाकत असाल तर तिच्यावरूनही) आधी लोहचुंबक फिरवा. आपला खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबकाला अक्षरशः मिशा फुटतात. हे कण रुळावर पडले की इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते खेचून आत घेतं.

पावडरीचे दोष दोन. चकचकीत प्लास्टिकवर ती धरत नाही, आधी मॅट वार्निशचा हात द्यावा लागतो. आणि वरून पुन्हा वार्निश मारलं की अर्धा रंग गायब होतो. म्हणून हवी त्याच्या दुप्पट लावायची, किंवा हात न लागणारा खालचा सांगाडा तसाच सोडायचा. इंजिनाच्या दातेरी चाकांजवळ मात्र पावडर नेऊ नका. मी एका इंजिनाची बोगी (खालचा चाकांचा गाडा) न सोडवताच गेरू लावला. तेल आणि गेरू मिळून असा काही चिकट लगदा झाला की इंजिन रहाटासारखं कुरकुरायला लागलं.

वॉश दोन्ही मापांना चालतो आणि शिकायला सर्वांत सोपा. गडद तपकिरी ॲक्रिलिक एक भाग, पाणी आठ-दहा भाग, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. ब्रशनं सोडला की तो आपोआप रिव्हेटांभोवती आणि कोपऱ्यांत जाऊन बसतो. मग ओलसर रुंद ब्रश वरून खाली, फक्त वरून खाली ओढायचा, कारण पाऊस आडवा पडला तरी ओघळ उभाच उतरतो. आपल्या हवेत याला एक पथ्य आहे. मेमध्ये वॉश दोन मिनिटांत वाळतो आणि डबक्याच्या काठासारख्या रेघा ठेवून जातो. पहाटे करा, वाघिणीची एकेक बाजू घेऊन करा.

एअरब्रश मऊ कामाला राजा आहे: डिझेल इंजिनाच्या धुराड्याभोवतीची काजळी, चाकांवरून उडून डब्याच्या खालच्या अंगावर बसलेली धूळ. चाळीस वाघिणी एका रंगात मळवायच्या असतील तर दुसरा उपाय नाही. पण उन्हाळ्यात रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर सँडपेपर तयार होतो. पावसाळ्यात ओलाव्यानं वार्निश पांढरं फुटतं. ऑगस्टमधल्या एका झडीच्या दिवशी मी सहा वाघिणींवर मॅट वार्निशचा फवारा मारला. अर्ध्या तासानं सगळ्यांवर चुना पोतल्यासारखा दिसत होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी, हे बारमाही. माझ्याकडं एअरब्रश आहे, वर्षातून दोनदा निघतो. एवढ्या पैशात पाच-सहा वाघिणी आल्या असत्या, असं दर वेळी वाटतं.

वॉश आणि पावडर एकाच डब्यावर कसे येतात ते माझ्या फळीवरच्या एका टाकीच्या वाघिणीवर दिसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, ती जलदूत. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर पाणी. तेलाच्या त्या टाक्या आधी कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन घेतल्या होत्या. मला नेमकी तीच अवस्था हवी होती: आतून धुतलेली, बाहेरून राबलेली. आधी सगळ्या अंगावर वॉश. मग वरच्या झाकणापासून खाली काजळीचा जुना तेलकट ओघळ, आणि ओल्या कापसाच्या बोळ्यानं तो मधोमध पुसून काढला, तेही पुरता नाही. कडेला करडी सावली राहू दिली. खालच्या सांगाड्याला गेरू आणि ब्रेकची तपकिरी धूळ. चाकांची कड, जी रुळाला घासते, ती मात्र चकचकीत ठेवली. रंग तिथं राहिला की रुळांवर उतरतो, आणि मग इंजिनाची वीज जाते. शेवटी झाकणाजवळ पांढऱ्या पेन्सिलीची एक केसभर रेघ, क्षाराची. येणारे पाहुणे टाकी उचलून बघतात आणि ती रेघ पुसायला जातात.

हे एनमध्ये होत नाही असं नाही. टाकी अंगठ्याएवढी होते, ओघळ एका केसाच्या ब्रशनं काढावा लागतो आणि पाहुण्याला तो दिसत नाही. फूटभरावरून अखंड गाडी बघायची असेल तर सगळ्या रेकला एकच मळकट छटा आणि मधल्या दोन-तीन वाघिणी जरा नव्या, एवढंच पुरतं. त्यातही मजा आहे, वेगळी.

एन ठरलाच असेल आणि वय चाळिशीपुढं असेल, तर पहिल्या खरेदीत भिंगाचा दिवा घ्या. इंजिन पुढच्या महिन्यात.