पाण्यात मासे, बाहेर मोल

टँकमध्ये पाळायचे छोटे झगमगते मासे मी कार्डिनल टेट्रा म्हणून घेतले, पण ते त्यांच्यासारखेच दिसणारे, स्वस्तातले निऑन टेट्रा आहेत, हे मला दुकानातच दिसलं होतं. तरी मी पैसे दिले. त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं हो’ म्हणायची सोय नाही. मी भुसावळला शाळेत विज्ञान शिकवते. घरी सहा वर्षांपासून तीन फुटी टँक आहे. त्यात गप्पी, तळाशी फिरणारे पाच कोरी मासे आणि सात ग्लोलाइट टेट्रा सुखाने नांदत होते.

कार्डिनलच का हवे होते ते आधी सांगते, नाहीतर ‘दिसायला सारखेच तर आहेत, एवढं काय’ असं वाटेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. खोलीत कूलर, टँकवर पंखा, झाकण काढलेलं, तरी पाणी ३२ अंशांच्या खाली येत नाही. निऑनला २० ते २६ अंश मानवतात, म्हणजे आपला हिवाळा. कार्डिनल त्याहून गरम पाण्यातला, २८-२९ पर्यंत बिनतक्रार राहतो. बर्फाच्या बाटल्या टाकून त्याला उन्हाळा पार करवता येईल असा माझा हिशेब होता. निऑनच्या बाबतीत तो हिशेब बसत नाही. म्हणून जळगावच्या त्या दुकानाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला ‘ब्राझील वाइल्ड कार्डिनल’ (म्हणजे तिथल्या नदीतून पकडलेले) दिसलं आणि पुढच्याच रविवारी मी पॅसेंजरने जळगाव गाठलं. जुलैचा पहिला आठवडा होता.

दोन्ही माशांना वर निळी चमकती रेघ असते. फरक खालच्या लाल पट्ट्यात. कार्डिनलचा लाल पट्टा डोळ्यामागून शेपटीपर्यंत सलग जातो. निऑनचा पोटाच्या मध्यापासून सुरू होतो, पुढचं पोट चंदेरी. दुकानातल्या माशांचं पुढचं पोट चंदेरीच होतं. मी तसं म्हटलंही.

दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, “ताई, तुम्हाले काय खोटं सांगू? पिल्लं आहेत अजून. मोठी झाली की पट्टा पुढे सरकतो.”

आता हे वाचताना हसू येईल. पण तो इतक्या सहजपणे बोलला की मलाच वाटलं, असेल, बेडकाच्या पिल्लाला नाही का शेपूट असतं? विज्ञान शिकवणाऱ्या बाईने स्वतःची समजूत विज्ञानानेच घातली. खरं एवढंच की पट्टा सरकत वगैरे नाही. विकण्याइतक्या मोठ्या झालेल्या कार्डिनलच्या पिल्लालाही तो पुरा असतो.

मग मी विचारलं, वाइल्ड मासे आमच्या बोअरच्या पाण्यात टिकतील का? हा प्रश्न बरोबर होता. कार्डिनल रिओ नेग्रोतले. ब्राझीलमधल्या बार्सेलोस भागात ते पकडतात आणि तिथून जगभर जातात. तिथलं पाणी चहासारखं तांबूस, आम्लधर्मी, क्षार जवळजवळ नाहीतच. आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो आणि पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर सहाशेच्या आसपास दाखवतं. नळाला पाणी कधी येईल ते तापीमाईला ठाऊक, म्हणून टँकला बोअरचंच. त्याच्याकडे याचंही उत्तर तयार होतं : “पंधरा दिवस झाले येऊन. आपल्या पाण्यात सेट झालेत, औषध मारलेलं आहे. क्वारंटाइन वगैरे काही नको, घरी नेऊन सरळ सोडा.”

पंधरा दिवस! काउंटरच्या मागे, बाहेरून मासे ज्यात येतात तो थर्माकोलचा खोका होता. त्याची चिकटपट्टी नुकतीच फाडलेली, खाली पाण्याचा ओघळ अजून ओला. टँकचं पाणी मिथिलीन ब्लू या औषधाने निळसर. त्यावर निळे-जांभळे एलईडी दिवे, ज्यांच्या उजेडात मेलेला निऑनसुद्धा झगमगेल. मी हे सगळं पाहिलं, पण एकत्र करून पाहिलं नाही. मोबाइलचा पांढरा टॉर्च लावला असता तरी दोन-तीन माशांच्या पाठीवरचा फिकटपणा कळला असता. एक मासा कोपऱ्यात वेगळा उभा होता. थव्याने राहणारा मासा थवा सोडून उभा राहतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. तोच दुकानदाराने सगळ्यात आधी जाळीत घेतला. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून निवडून देत असेल असं मला वाटलं.

दर ९० रुपये नग. बाजूच्याच टँकमध्ये ‘निऑन’ अशी चिठ्ठी लावून ३० ला होते. बारांचे पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं नाही. घरी पिशवीत मोजले तर अकरा.

सासूबाईंनी पिशवी पाहून विचारलं, “केवढ्याला?” मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “पाण्यात म्हैस, बाहेर मोल.” आणि भाजी निवडायला गेल्या.

सोडताना मात्र मी सगळं शास्त्रशुद्ध केलं. टँकचा दिवा बंद केला, पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली. मग एअर पंपाच्या नळीला गाठ मारून तासभर टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं, पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता मासे जाळीने घेतले. दुकान घरापासून तासाभरावर असेल तर ही पद्धत ठीक आहे. पण मासे रात्रभर प्रवास करून आलेल्या बंद पिशवीत असतील तर इतका वेळ लावू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे माशांच्या मलमूत्राचा अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे तापमान जुळवून मासे लवकर बाहेर काढलेले बरे. असो. मी थेंब मोजत बसले आणि खरी गोष्ट विसरले : नव्या माशांना आधी वेगळ्या टबात चार आठवडे ठेवायचं. स्पंज फिल्टर लावलेला वीस लिटरचा टब गच्चीच्या जिन्याखाली रिकामा पडला होता.

पाचव्या दिवशी एकाच्या पाठीवर, परापाशी, दुधाळ डाग दिसला. आठवड्याने तो रात्रीही एकटाच फिरायला लागला, पाठ वाकडी झाली. सकाळी पाहते तर ग्लोलाइट त्याचं कलेवर टोचून खात होते. निऑनचा एक कुप्रसिद्ध आजार आहे. स्नायूंत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे तो होतो, त्यावर औषध नाही, आणि मेलेला मासा खाल्ल्याने तो पसरतो. तसेच पांढरे डाग एका जिवाणूमुळेही पडतात, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे नाव घेता येत नाही. नाव काही असो, दीड महिन्यात अकरातले नऊ गेले. माझे चार ग्लोलाइटही गेले. ते दुखणं मी विकत आणलं होतं, तेही तिप्पट भावाने.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा दुकानात गेले. फोटो दाखवले. दुकानदार म्हणाला, “तुमचं पाणी जड आहे ताई.” यात तथ्य होतं, म्हणूनच त्याचं बोलणं खोडता येईना. बाकी टेट्रा त्याच पाण्यात वर्षानुवर्षं जगले, हे मला परतीच्या गाडीत सुचलं. मग तो म्हणाला, “दुकानाबाहेर गेला मासा की गॅरंटी नसते, पण तुम्ही घरच्या. हे गुलाबी घेऊन जा, निम्म्या भावात. जेली टेट्रा, इम्पोर्टेड, जन्मतःच असा रंग.”

पोरगा सोबत होता. त्याने टँकच्या काचेला नाक लावलं. मी चार घेतले. माणूस एकाच दुकानात दोनदा फसतो तेव्हा दुसऱ्यांदा दोष कुणाचा, हे मी इथे लिहीत नाही.

ते विडो टेट्रा होते. मूळचा मासा करडा-चंदेरी, अंगावर काळे पट्टे, मागचा भाग काळसर. त्याची फिकट पांढरी जात घेऊन तिला सुईने रंग टोचतात, किंवा अंगावरचा बुळबुळीत थर रसायनाने काढून रंगात बुडवतात. त्यात कित्येक मासे तिथेच मरतात आणि उरलेले दुखण्याला पटकन बळी पडतात. जनुकं बदलून चमकवलेले मासेही जगात आहेत, पण त्यांचा रंग मरेपर्यंत टिकतो आणि पिल्लांतही उतरतो. माझ्याकडच्या माशांचा गुलाबी रंग दसऱ्याला विटला, दिवाळीला दुधासारखा पांढरा झाला. मधल्या काळात चौघांनी मिळून गप्प्यांच्या शेपट्या कुरतडल्या. विडोची ही खोड जुनी आहे. सहा-आठ जण असले की आपसांत दंगा करतात, कमी असले की लांब शेपटीवाल्यांच्या मागे लागतात. टेट्रा म्हणून घेतला आणि चारच घेतले, ही चूक माझी, दुकानदाराची नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करायचं मनात होतं. पण हातात काय होतं? यूपीआयची नोंद, तीत ‘मासे’ हा शब्दही नाही. माशांच्या जातीचं नाव लिहिलेलं साधं हातबिल असतं, तर ‘कार्डिनल’ हा शब्द त्याच्या अक्षरात माझ्याकडे राहिला असता. आता नव्या दुकानात पहिलं वाक्य तेच बोलते : नाव लिहून द्या. एकाने सरळ सांगितलं, “मग निऑन लिहितो.” त्याच्याकडून मी अजून काही घेतलं नाही, पण घेईन. दुसरं म्हणजे मासे पाहून आगाऊ शंभर रुपये ठेवते आणि आठ-दहा दिवसांनी न्यायला येते, आणि समोर चारा टाकायला लावते. खोका आजच आलेला असला तर तेवढ्या दिवसांत मासे स्वतःच सांगतात.

दोन निऑन वाचलेत. दुखणं अंगात बाळगून असतील या धास्तीने त्यांना मोठ्या टँकमध्ये नेलेलं नाही, जिन्याखालच्या टबातच आहेत. मे महिन्यासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमवून ठेवल्यात, डीप फ्रीजरमध्ये चार मावतात. दोघंही चांगले सव्वा इंचाचे झालेत. पोरगा रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकतो आणि वरच्या आवाजात मला सांगतो, “आई, पट्टा तिथेच आहे.”