ओरिजिनल ब्लू नोट, जपानी प्रेसिंग की नवीन रिइश्यू? हार्ड बॉपवर पैसे टाकायच्या आधी

परवा पुण्याहून मावसभावाचा मेसेज आला, दादा, जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीची 'मोआनिन' ही रेकॉर्ड घ्यायचीये, एकजण ओरिजिनल, म्हणजे त्या काळीच छापलेली, म्हणून विकतोय, किंमत घरी सांगायची सोय नाही, घेऊ की सरळ रिइश्यू, म्हणजे आता नव्याने छापलेली, घेऊ? दीड तास फोनवर बोललो, म्हटलं इथेच टाकतो, अजून कोणीतरी अडकलेला असेलच.

आधी एक गोष्ट. ही रेकॉर्ड 30 ऑक्टोबर 1958 ला न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला झाली, ती पण रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरच्या हॉलमध्ये. हा माणूस तेव्हा दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करायचा, कमाल आहे. ट्रम्पेटवरचा ली मॉर्गन फक्त 20 वर्षांचा. ती काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीचा आल्फ्रेड लायन वादकांना तालमीचे पण पैसे द्यायचा, म्हणून ट्रम्पेट आणि सॅक्स कसे एका श्वासात येतात ते ऐक. प्रेस्टिज या दुसऱ्या कंपनीवाले तालीम-बिलीम करायचे नाहीत, तिथे ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने 1956 मध्ये दोन दिवसांत चार रेकॉर्डींचा माल काढून दिला, इंजिनिअर हाच व्हॅन गेल्डर, पण मजा वेगळी, जरा मोकळीढाकळी. ज्याला ब्लूज आणि चर्चवाली ठेका धरायला लावणारी धून, म्हणजेच हार्ड बॉप जॅझ, आवडते तो ब्लू नोटकडे वळतो आणि मग सुटत नाही.

आता ओरिजिनल. 'मोआनिन'च्या पहिल्या प्रेसिंगच्या लेबलवर ब्लू नोटच्या न्यू यॉर्कमधल्या ऑफिसचा 47 वेस्ट 63 हा पत्ता असतो, आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत, म्हणजे डेड वॅक्समध्ये, रूडीची आरव्हीजी ही अक्षरं आणि कानासारखी दिसणारी एक खूण. ती खूण म्हणजे प्लास्टीलाइट कारखान्याचा 'पी', कलेक्टर लोक तिला कानच म्हणतात. आवाज? मोठा, अंगावर येणारा, ट्रम्पेट अक्षरशः खोलीत उभा राहतो, पियानो मात्र डब्यात बसवल्यासारखा, बास पण जेमतेम, कारण तेव्हाच्या साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून तसंच कापायचे. पण खरी गोम वेगळी आहे, या रेकॉर्डी लोकांनी जड सुयांवर, पार्ट्यांमध्ये वाजवून वाजवून झिजवल्यात. मी स्वतः एक घेतली होती एका विक्रेत्याकडून, वरून आरशासारखी चकाचक, आणि ट्रम्पेट वर चढला की पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज, महिन्याभराचं बजेट गेलं. त्यात काही रेकॉर्डींचं तर विचारूच नको, सॅक्सवाल्या हँक मोब्लीची, ब्लू नोटच्या यादीतली 1568 नंबरची, दहा हजार डॉलरच्या वर गेलेली आहे, तिथे ऐकणं वगैरे विषयच संपतो, ती तिजोरीतली वस्तू झाली.

मधला एक रस्ता बरेच जण बघतच नाहीत. ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली आणि 1966 पासून कारखाना बदलला, कान गेला, पण त्या काळच्या बऱ्याच रेकॉर्डींवर व्हॅन गेल्डरचा शिक्का तसाच आहे, म्हणजे त्यानेच कापलेल्या मूळ साच्यातून निघालेल्या. किंमत ओरिजिनलपेक्षा खूप कमी. मला विचारशील तर जुनीच हवी असेल तर हीच.

जपानच्या किंग कंपनीने छापलेल्या, साधारण 1977 ते 83 मधल्या, त्यांचं प्लास्टिक इतकं शांत की टर्नटेबल चालू आहे का हे बघायला उठावं लागतं. पण आवाजाला धार कमी, सगळं जरा इस्त्री केल्यासारखं. तरी जपान्यांचं ऋण आहेच, पियानोवाला सॉनी क्लार्क 1963 मध्ये 31 व्या वर्षी गेला, अमेरिकेत फारसं कोणी विचारत नव्हतं, आणि त्याची 'कूल स्ट्रटिन' त्यांनी डोक्यावर घेतली.

आणि नवीन. टोन पोएट ही ब्लू नोटची रिइश्यू सिरीज 2019 पासून, जो हार्ली बघतो, केव्हिन ग्रे थेट मूळ टेपवरून मास्टर करतो, जाडजूड कव्हर उघडलं की आत ब्लू नोटच्या फ्रान्सिस वुल्फने काढलेले फोटो, ते बघण्यातच चहा गार होतो. क्लासिक सिरीज पण केव्हिन ग्रेचीच, कव्हर साधं, खिशाला हलकी, आवाजात फार काही गमावत नाहीस. बास खाली नीट जातो, झांजा खऱ्या वाटतात. फक्त बहुतेक स्टिरिओत, आणि त्या काळचा स्टिरिओ म्हणजे फुंकणारे एका भिंतीला, ड्रम दुसऱ्या भिंतीला, मध्ये जागा रिकामी. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' टोन पोएटने 2022 मध्ये मोनोत, म्हणजे सगळा आवाज एकत्र, पण काढली, ती ऐकलीस तर म्हातारे कलेक्टर मोनो मोनो का करतात ते कळेल.

तुझ्यासारख्या पुण्यातल्या माणसाला अजून दोन खर्च, कुरिअर आणि कस्टम्स. शिवाय पावसाळा! साठ वर्षांच्या पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरायला एक ओला जुलै पुरतो.

तर 'मोआनिन' क्लासिकमधली घे, वर्षभर झिजव. उरलेल्या पैशात कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, चांगलं घे, त्याने तुझ्याकडच्या सगळ्याच रेकॉर्डी सुधारतील. आणि तो ओरिजिनलवाला डोक्यातून जातच नसेल तर त्याला लेबलचा फोटो नको मागू, डेड वॅक्सचा माग आणि पहिल्या गाण्यातला ट्रम्पेट सोलो वाजवून रेकॉर्ड करून पाठव म्हण, आढेवेढे घ्यायला लागला तर नंबर डिलीट कर.